शेवटून दुसरा दिवस: मालवण ते शिरोडा, सायकलवरून

दिवाळी संपली की ओळखीतल्या कोणाच्या तरी डोक्यात 'अलिबाग ते पणजी सायकलवर' घुसतं आणि मला फोन येतो. पाचशेहून जास्त किलोमीटर, सात-आठ मुक्काम, आगरदांड्यापासून जयगडापर्यंत चार खाड्यांवर जंगल जेटी, म्हणजे गाड्या-सायकली पलीकडे नेणारी फेरीबोट. प्रश्न ठरलेले असतात. पहिल्या दिवशी किती मारायचे, कोणते टायर, पॅडवाली शॉर्ट कुठे मिळते. शेवटून दुसऱ्या दिवसाबद्दल आजवर कोणीही विचारलेलं नाही.

मी मात्र सगळ्यात जास्त माणसं त्याच दिवशी पडताना पाहिली आहेत. मीही त्याच दिवशी पडलो, ते पुढे सांगतो. तोवर सहा दिवस झालेले असतात, देवगड मागे पडलेलं असतं, मालवणात मासे खाऊन रात्री नकाशा उघडला की गोवा एका बोटावर दिसतं. हत्ती गेला, शेपूट राहिलं, असं वाटायला लागतं आणि माणूस सवयी सोडतो. चेन पुसत नाही, पाण्याची दुसरी बाटली भरत नाही, पहाटेचा गजर अर्ध्या तासाने पुढे ढकलतो. घराकडे निघालेल्या बैलाचे पाय झपझप पडतात तसं होतं, पण बैलाला उतारावर ब्रेक लावावा लागत नाही.

तर हा लेख त्या एका दिवसाचा आहे. मालवण ते शिरोडा, साधारण पासष्ट किलोमीटर. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल, पण मला हा रस्ता माहीत आहे म्हणून मी याच रस्त्यावरून सांगतो.

आधी अंतराचा निर्णय

मालवण ते पणजी एका दिवसात होतं. सुमारे एकशेपंधरा-वीस किलोमीटर पडतात. आकडा ऐकून नवखा म्हणतो, पाचव्या दिवशी नव्वद मारलेच होते की, अजून तीस काय! तेव्हा करू नका. एक तर हा रस्ता सपाट नाही. कोकण किनाऱ्याची रचनाच अशी की वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा खडकाळ माळ, आणि खाली खाडी. रस्ता सड्यावर चढतो, दोन-चार किलोमीटर ऊन खात चालतो, खाडीकडे कोसळतो, पूल ओलांडतो आणि समोरच्या सड्यावर पुन्हा चढतो. एकेक चढ शे-सव्वाशे मीटरच्या आतबाहेर असतो, ताम्हिणीसारखा घाट वगैरे काही नाही. पण दिवसभरात असे सात-आठ चढ झाले की बेरीज घाटाएवढी होते, आणि घाटावर मिळतो तसा एकसलग दमही मिळत नाही.

दुसरं म्हणजे शेवटच्या टप्प्यात तेरेखोलची फेरीबोट आहे. संध्याकाळी दमलेल्या अवस्थेत धक्क्यावर पोचून बोट गेलेली पाहणं, मग अंधारात उत्तर गोव्याच्या अरुंद रस्त्यांवर पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्यांमधून वाट काढणं, हे कोणालाही सांगू नये असं काम आहे. शिरोड्याला किंवा अलीकडे आरवलीत थांबा. मग शेवटच्या दिवशी पन्नासेक किलोमीटर उरतात, दुपारी पणजीत पोचता आणि परतीची गाडी पकडायला अंगात जीव उरतो.

आदल्या रात्री, मालवणात

जेवायच्या आधी सायकल बघायची. जेवल्यावर कोणीही बघत नाही, हा अनुभव आहे. अर्धा तास पुरतो.

सुरुवात ब्रेकपासून. सहा दिवसांत तुम्ही तीसेक उतार उतरला आहात, त्यातले निम्मे सामानासकट ब्रेक दाबून. लिव्हर दाबली की ती हँडलला टेकायच्या बरीच आधी कडक व्हायला हवी. रिम ब्रेक असतील तर पॅडच्या रबरावरच्या खाचा बघा. खाचा बुजल्या असतील तर पॅड संपला. डिस्क असेल तर कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यात, टॉर्च मारून बघा, पॅडचा जाड थर पोस्टकार्डाएवढा उरला असेल तर आजच बदला. पॅड घरून आणायचे असतात. मालवणात सायकलची दुकानं आहेत, पण तुमच्याच मापाचा डिस्क पॅड तिथे मिळेल या भरवशावर राहू नका.

मग चेन. किनाऱ्याने आल्यामुळे तिच्यावर काळ्या तेलात कालवलेली बारीक वाळू आणि जांभ्याची लाल धूळ असते. जुना बनियन घ्या, चेन त्यात धरून पायडल उलटं फिरवा, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. मग प्रत्येक कडीला एक थेंब तेल, दोन मिनिटं फिरवून वरचं जादाचं पुन्हा पुसून टाका. खोबरेल तेल घालू नका. दरवर्षी कोणीतरी घालतोच.

स्पोक हाताने छेडून बघा. एका बाजूचे सगळे साधारण एकाच सुरात वाजतात. एखादा 'थप' असा मेल्यासारखा वाजला तर तो सैल आहे. मागच्या चाकात, गिअरच्या बाजूला जास्त लक्ष द्या, कारण सामानाचं वजन तिथेच पडतं. शेवटी कॅरियरचे बोल्ट. हे बहुतेक पाच एमएमचे असतात आणि त्यांना चार नंबरची अॅलन की लागते. सड्यावरच्या खडबडीत रस्त्याने ते न बोलता सैल होत राहतात. एकदा एकाचं पॅनियर, म्हणजे कॅरियरला टांगायची पिशवी, चिपीच्या सड्यावर असं गळालं की आतले कपडे आम्ही शंभर मीटरभर वेचत होतो.

टायरमध्ये घुसलेली काच आणि काटे नखाने काढा. हवा रात्री भरू नका, सकाळी भरा. आणि दिवे चार्जिंगला लावा, फक्त मोबाइल नाही. शेवटून दुसऱ्या दिवशी मागचा लाल दिवा बंद पडलेला असतो, कारण आदल्या रात्री खोलीतली दोन्ही भोकं मोबाइलवाल्यांनी पकडलेली असतात.

आता तुमचं शरीर. हे वाचायला बरं वाटणार नाही, पण बसायच्या जागी नखाएवढी पुळी आली असेल तर आज रात्री तिची दखल घ्या. कोमट पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, सैल सुती कपड्यात झोपा. उद्या धुतलेली, पूर्ण वाळलेली शॉर्ट घाला. मालवणच्या दमट हवेत रात्री धुतलेली शॉर्ट सकाळी ओलीच असते. टॉवेलात गुंडाळून पिळा आणि पंख्याखाली टांगा. पुळी फोडू नका.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार पडतोय. हँडलवर हाताची जागा दर दहा मिनिटांनी बदला, मनगट मोडून धरू नका. गुडघा समोरून दुखत असेल तर सीट खाली असण्याची किंवा तुम्ही जड गिअर रेटत असण्याची शक्यता मोठी. मागून दुखत असेल तर सीट उंच झाली आहे. बदल करायचा तर चार-पाच मिलिमीटरच, एकदम बोटभर नाही. आणि दुखणं दाबायला गोळी खाऊन उन्हात सायकल मारायची नाही. पाणी कमी पडलेल्या शरीरात वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. एवढं दुखत असेल तर टेम्पो करा, मालवण-वेंगुर्ले एसटीही आहे.

पहाट

डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला उठा आणि फटफटताच, साडेसहापर्यंत, निघा. यात शिस्तीचं कौतुक काही नाही. दुपारी ऊन तिशी ओलांडतं, तापलेला जांभा खालूनही भाजतो आणि सड्यावर झाड नसतं. दहाच्या आत तीस-पस्तीस किलोमीटर मागे टाकलेले असले की बाकीचा दिवस तुमचा.

निघण्याआधी खायचं. सातव्या दिवशी सकाळी भूक लागत नाही, हे मी बऱ्याच जणांचं पाहिलंय. अंग जड असतं आणि चहावर भागवायची इच्छा होते. घरगुती मुक्काम असेल तर रात्रीच काकूंना सांगून ठेवा. उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, सोबत लोणचं. एवढ्या पहाटे पोटाला यापेक्षा सोपं दुसरं काही नाही, आणि यात पाणी, मीठ, भात तिन्ही येतं. घावणे आणि चटणी मिळाली तर उत्तमच, पण त्यासाठी कोणाला चारला उठवू नका.

खिशात मालवणी खाजं ठेवा. बाजारात कुठेही मिळतं: बेसनाच्या कांड्या, वरून गूळ आणि आल्याचा पांढुरका थर. ऊर्जा देणाऱ्या महागड्या जेलच्या पाकिटांपेक्षा मला ते बरं वाटतं. वितळत नाही, आल्याने मळमळ थांबते, आणि तोंडात धरून चढ चढता येतो. फक्त तहान वाढते, तेवढं पाणी जास्त.

पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातल्या एकीत मीठ-साखर किंवा ओआरएस. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. लघवी गडद पिवळी झाली तर थांबा, सावली शोधा, प्या.

मालवण ते परुळे: हळू निघा

गाव सोडताना पहिले पाच किलोमीटर सगळ्यात हलक्या गिअरवर फिरवा. स्नायू सहा दिवसांचे आखडलेले आहेत. कर्ली खाडीच्या पुलावर थांबायला हरकत नाही. सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि होड्या स्तब्ध असतात. पण फोटोसाठी पुलावर सायकल आडवी लावू नका, डंपर येतात.

पूल संपला की दिवसाचा पहिला खरा चढ. चिपी-परुळ्याचा सडा, जिथे २०२१ साली सिंधुदुर्गचा विमानतळ सुरू झाला. चढ कसा चढायचा ते इथेच शिका, पुढे तेच पाच-सहा वेळा करायचं आहे. चढ दिसायच्या आधी, सपाटीवर असतानाच पुढची लहान चकती टाका. चढ सुरू झाल्यावर, पायात जोर असताना गिअर बदलला तर चेन करकरते किंवा उतरते. मागची मोठी चकती शेवटी, गरज पडली की. बसून चढा, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे पायडल फिरेल इतकं हलकं ठेवा. बोलता येतंय का बघा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर तुम्ही फार जोर लावताय. उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. ताशी पाचने डगमगत चढणारा आणि ढकलणारा माथ्यावर एकदमच पोचतात.

परुळ्यात चहाला थांबलो होतो तेव्हा टपरीवरच्या आजींनी आमच्या सायकलींकडे बघून विचारलं, "खयसून इलात?"

"अलिबागसून."

"सायकलीन?" त्यांनी स्टोव्हची ज्योत कमी केली. "गाडी नाय गावली?"

मग मात्र त्यांनी प्रत्येकाला दोन-दोन केळी दिली आणि पैसे घेतले नाहीत. सांगायचा मुद्दा एवढाच की इथे चहाच्या टपऱ्या सड्यावर नसतात, गावात असतात. गाव लागलं की थांबून बाटली भरा. पुढचं गाव जवळ दिसत असलं तरी मध्ये एक सडा असतोच.

निवती, भोगवे हे फाटे उजवीकडे समुद्राकडे खाली उतरतात. सुंदर आहेत, जाऊ नका. किंवा जायचंच तर तो दिवस वेगळा ठेवा. प्रत्येक फाट्याला जेवढं उतरता तेवढंच परत चढावं लागतं, आणि शेवटून दुसऱ्या दिवशी 'आता काय, संपलंच' म्हणून माणूस नेमका हाच हट्ट करतो.

म्हापण, केळुस, वेंगुर्ले

या पट्ट्यावर फार बोलण्यासारखं नाही. रस्ता माडांतून आणि काजूच्या बागांतून जातो, सावली आहे, वळणं आहेत. वळणावर समोरून एसटी येते आणि ती रस्त्याचा मधला भाग आपलाच समजते, तेव्हा डावी कड सोडू नका. कुत्रे मागे लागले तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत निघा. बहुतेक कुत्र्यांचा रस तेवढ्यानेच संपतो.

गटात असाल तर या भागात गट फुटतो. पुढचे दोघे उधळतात, मागचा एक गुडघा धरून येतो. आमचा नियम असा: प्रत्येक माथ्यावर आणि प्रत्येक फाट्यावर सगळे जमेपर्यंत कोणी हलायचं नाही, आणि मागचा पोचल्यावर लगेच निघायचंही नाही. पुढच्यांची विश्रांती होते आणि मागच्याला पोचताच पुन्हा पळवतात, हा सगळ्या सायकल गटांचा जुना अन्याय आहे. सातव्या दिवशी भांडणं होतात तीही यावरूनच. पंपावरून, तेलाच्या बाटलीवरून, कोणी किती भात घेतला यावरून. तेव्हा गप्प राहा. परत आल्यावर महिन्याभराने तेच भांडण किस्सा म्हणून सांगता येतं.

वेंगुर्ले साडेदहा-अकरापर्यंत यावं. पंचेचाळीसेक किलोमीटर झालेले असतात. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली होती. बंदर जुनं, बाजारपेठही जुनी आणि सावलीची. सायकलीची काही दुरुस्ती राहिली असेल तर हे शेवटचं नीट मोठं गाव आहे असं धरा. हवा कमी वाटली तर पेट्रोल पंपावर भरता येते, पण फक्त तुमची वॉल्व्ह मोटारसायकलसारखी जाड असेल तरच. बारीक फ्रेंच वॉल्व्हला पंपाचं नोझल बसत नाही. त्यासाठी बोटाच्या पेराएवढं पितळी अडॅप्टर मिळतं, ते वॉल्व्हवरच लावून ठेवा, पिशवीत ठेवलंत तर हरवतं.

जेवण इथेच. आणि आता ती चूक.

मोचेमाडचा उतार

पहिल्या दौऱ्यात मी वेंगुर्ल्यात सुरमईची थाळी खाल्ली. दोनदा भात, वर सोलकढीच्या तीन वाट्या. दुपारचा एक वाजला होता. मी सोबत्यांना म्हणालो, आता सत्तरेकच उरलेत, संध्याकाळी पणजीत बसू. कोणी विरोध केला नाही, कारण सगळ्यांनाच तेच हवं होतं. डोळ्यांवर झापड घेऊन आम्ही निघालो.

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना रस्ता आधी चढतो आणि मग मोचेमाडच्या खाडीकडे वळणं घेत उतरतो. वरून दिसणारं दृश्य, म्हणजे माडांचा पट्टा, खाडीचं वळण, पलीकडे वाळूची पांढरी रेघ, हे या अख्ख्या मार्गावरच्या उत्तम दृश्यांपैकी आहे. मी ते बघत होतो. वेग चाळीसच्या आसपास असावा. वळणाच्या आतल्या बाजूला रस्त्यावर बारीक खडी पसरलेली होती, पावसाळ्यात वाहून आलेली असते तशी. खडी दिसली तेव्हा मी वळणात कललेलो होतो आणि घाबरून पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक नुसतं नाहीसं झालं.

कोपर आणि मांडी सोलली, जर्सी फाटली, हेल्मेटला चीर गेली. हाड मोडलं नाही. पण सायकल उजव्या अंगावर पडली होती आणि मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ज्या पातळ धातूच्या तुकड्याला लटकतो तो हँगर आत वाकला होता. हलका गिअर टाकला की डिरेल्युअर थेट स्पोकमध्ये घुसत होता. बाजारातून परतणाऱ्या एका रिकाम्या टेम्पोने आम्हाला शिरोड्यात सोडलं. पणजी दोन दिवसांनी आली.

यातून पुढच्यांसाठी एवढं. वेंगुर्ल्यात अर्धं पोट जेवा. मासे खा, भात कमी, तळलेलं संध्याकाळी. मग निदान दीड तास आडवे व्हा. देवळाच्या सभामंडपात, एसटी स्टँडच्या बाकावर, कुठेही. अडीच-तीनच्या आत निघू नका. उरलेत फक्त अठरा-वीस किलोमीटर, घाई कसली? शिवाय या महिन्यांत दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि तुम्ही दक्षिणेकडे जाताय. तो पाठीवर येतो, फुकटची ढकल मिळते.

उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक, पुढचा हळूहळू वाढवत, आणि वळणात शिरताना लिव्हर सोडायची. आतला पाय वर, बाहेरचा पाय खाली आणि त्यावर भार. बूड सीटच्या मागच्या कडेला. नजर चाकासमोर नाही, वळण जिथे संपतं तिथे. खडी दिसलीच तर कलणं कमी करा, सरळ होऊन तिच्यावरून जा, ब्रेकला हात लावू नका. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका; दाबा, सोडा, दाबा, सोडा. सतत दाबला की रिम आणि डिस्क तापतात आणि ब्रेक मऊ पडतात. दृश्य बघायचंच आहे. तर थांबून बघा, वर कठड्याजवळ जागा आहे.

आणि तुमच्या सायकलच्या मॉडेलचा एक जादा हँगर पिशवीत असू द्या. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, वजन काही ग्रॅम, आणि कोकणातल्या कुठल्याही दुकानात तो मिळणार नाही. मला शिरोड्यात पंक्चरवाल्याने तो मोठ्या पान्यात धरून, एक डोळा मिटून, हळूच सरळ करून दिला होता. चाललं. पण धातू एकदा वाकवून सरळ केला की दुसऱ्यांदा तुटतो.

आरवली आणि शिरोडा

मोचेमाडनंतर जमीन निवळते. टांक, मग आरवली. सायकलवाल्याने वेतोबाच्या देवळात थांबायलाच हवं, भाविक असो वा नसो. गाभाऱ्यात माणसाहून उंच उभी मूर्ती आणि तिच्यापुढे नवसाच्या चामडी चपला, दोन फुटांच्या वगैरे. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. दुसरा नवस केळ्यांच्या घडाचा असतो. त्यामुळे प्रसादात केळं मिळायची शक्यता चांगली, आणि साठ किलोमीटरनंतर केळ्याचं मोल काय ते तुम्हाला कळलेलं असतं.

शिरोड्यात चार-साडेचारला पोचता. गावाबाहेर मिठागरं आहेत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात महाराष्ट्रातलं हे एक मोठं केंद्र होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर वाफ्यांच्या कडेला मिठाचे पांढरे ढीग दिसतात. तुमच्या पाठीवर, जर्सीवर दिवसभरात जे पांढरे नकाशे उमटलेत तेही मीठच. आज रात्री ते भरून काढायचं: लिंबू-मीठ पाणी, आमसुलाचं सार, जेवणात नेहमीपेक्षा जरा जास्त मीठ. रक्तदाब असलेल्यांनी हे डॉक्टरांना आधीच विचारून यावं.

पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काहीतरी खा, मग आंघोळ, मग पाय भिंतीला लावून दहा मिनिटं पडा. समुद्रात डुंबायचं असेल तर गुडघ्यापर्यंत. पायात पेटके येण्याइतके दमलेले असताना खोल पाण्यात जाऊ नये.

संध्याकाळची तीन कामं

पहिलं, बोट. शिरोड्याहून रेडीमार्गे दहा-बारा किलोमीटरवर तेरेखोल. गंमत अशी की किल्ला आणि गाव नदीच्या उत्तरेला, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला, पण आहेत गोव्यात. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता, तेव्हा गोवा मुक्त व्हायला अजून सात वर्षं होती. किल्ल्याखालून पलीकडे केरीला फेरीबोट जाते, सायकली घेते. पण ओहोटी फार उतरली की ती कधी कधी थांबते, आणि दुरुस्तीसाठीही बंद असते. म्हणून आज संध्याकाळी गावात दोन माणसांना विचारा. एक हॉटेलवाला आणि एक रोज पलीकडे कामाला जाणारा. दोघांचं जुळलं तर जा. नाही जुळलं तर आरोंद्याच्या बाजूने किरणपाणीचा पूल आहे, तिकडून थोडा वळसा पडतो पण खात्री असते.

केरीनंतर हरमल, मांद्रे, मग शिवोलीचा पूल, म्हापसा आणि बेती. पणजीत शिरताना मांडवीवरच्या नव्या, उंच अटल सेतूवर सायकल नेऊ नका, तो दुचाकींसाठी नाही. बेतीहून फेरीबोटीने पलीकडे उतरलात की थेट पणजीच्या मध्यात, आणि दौऱ्याची शेवटची बोटही पदरात पडते.

दुसरं काम, परतीची सायकल. हे शेवटच्या दिवसावर ढकलणाऱ्यांच्या सायकली गोव्यातच राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. कोकण रेल्वेने पाठवायची तर पार्सल ऑफिसात नोंदवावी लागते आणि ती सामानाच्या डब्यातून जाते. थिवी म्हापशाहून जवळ आहे खरं, पण गाडी तिथे काही मिनिटंच थांबते आणि डबा आधीच भरलेला असला तर सायकल फलाटावर राहते. मडगावहून सुटणाऱ्या गाडीत चढवणं जास्त भरवशाचं, तिथे वेळ मिळतो. गाडीच्या किमान दोन तास आधी पोचा, ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवा, नाव आणि फोन नंबर लिहिलेला पुठ्ठा फ्रेमला दोन ठिकाणी बांधा. पॅनियर, दिवे, पंप, बाटल्या सगळं काढून स्वतःजवळ. खासगी बसने जायचं असेल तर आजच फोन करून 'डिकीत सायकल घेता का' असं स्पष्ट विचारा, आणि ज्याने हो म्हटलं त्याचं नाव लिहून ठेवा.

तिसरं काम लहान आहे आणि ते कोणी सांगत नाही. सायकल बांधताना पायडल काढावी लागतात. आठवडाभर खारी हवा खाऊन ती आट्यात बसलेली असतात, आणि स्टेशनवर घामेघूम, पार्सलवाला घड्याळ बघतोय, पाना निसटतोय, अशा वेळी ती सुटत नाहीत. म्हणून आज शिरोड्यात, अंगणात, निवांतपणे दोन्ही पायडल एकदा सैल करा, आट्याला तेलाचा थेंब लावा आणि पुन्हा घट्ट बसवा. उजवं नेहमीसारखं सुटतं. डाव्याचा आटा उलटा असतो, ते सुटायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावं लागतं. जोर लावायच्या आधी चेन पुढच्या मोठ्या चकतीवर घ्या, नाहीतर पाना सुटला की दात थेट बोटांत.